मेलेल्या बैलापासून मोबाइल टॉवरपर्यंत

या प्रवासाच्या अटी दोनच आहेत. पुढचं माहीत असलं तरी कुणाला सांगायचं नाही, आणि नाकाला रुमाल लावायचा नाही. दुसरी अट आधी कामाला येईल, कारण पहिला मुक्काम एका मेलेल्या बैलापाशी आहे.

साल 1978, महिना वैशाख. अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडी तुम्हाला अकोट स्टेशनात उतरवून वान रोड, धूळघाटच्या दिशेनं धूर सोडत निघून गेली आहे. तुम्ही उत्तरेला चालू लागता. समोर सातपुडा निळसर दिसतो. पायाखालची काळी माती पाय अडकेल एवढी भेगाळली आहे. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या आहेत, चुलीसाठी घरी न्यायच्या म्हणून. एका गावाच्या बाहेर, नाल्याच्या काठाला, मेलेली ढोरं टाकायची जागा आहे. तिथं सकाळीच एक बैल आणून टाकला आहे. कातडं काढून नेलं आहे. तुम्ही बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहता.

आकाश रिकामं आहे असं वाटतं. मग खूप वर एक ठिपका घिरटी सोडून खाली झुकतो. त्याच्यावर लांबून नजर ठेवून असलेला दुसरा त्याच्या मागे येतो, दुसऱ्याकडे बघून तिसरा. गिधाडं वासानं येत नाहीत, डोळ्यांनी येतात, आणि त्यातला निम्मा डोळा शेजाऱ्यावर असतो. एकाला सापडलं की पाच-सहा कोसांतल्या सगळ्यांना कळतं. हवेत एवढं देखणं तरंगणारं हे पाखरू जमिनीवर उतरताना मात्र, म्हातारीनं लुगडं सावरत ओट्यावरून उडी मारावी तसं उतरतं, दोन पावलं धडपडतं आणि मग पंख अर्धे उघडे ठेवून भांडायलाच धावतं. पंखांचा फडफडाट, शिसकारे, घशातली घरघर. जास्त आहेत ती पांढऱ्या पाठीची: अंग काळपट, मान उघडी, पंख पसरले की पाठीवर पांढरा पट्टा. त्यांच्यात काही फिक्या, मातकट रंगाची आणि जरा लांब चोचीची. पांढऱ्या पाठीची मोठ्या झाडांवर घरटी करतात, लांब चोचीची डोंगराच्या कड्याकपारीत. तुम्हाला दोन जाती दिसतात. गावाला सगळी गिधाडंच.

तुम्ही मोजायला लागता. चाळिसाच्या आसपास गडबड होते, कारण मोजलेली उडतात आणि न मोजलेली उतरतात. मागून एक म्हातारा हसतो.

“गिधाडं कायले मोजतं गा? कावळे कोनी मोजते काय?”

तुम्ही पुढे सरकता तसा तो हात आडवा करतो. “दूर राय बापू. त्याईले जेवू दे.”

तासाभरात बैलाचा सांगाडा उरतो. मांस गेलं, आतडी गेली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गेले. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की काळपुळीचे जिवाणूसुद्धा त्यातून क्वचितच सुटतात. या कामाची कुठल्याही ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद नाही. त्या दिवशी किती गिधाडं उतरली, कुठून आली, त्यांची पिल्लं कुठं होती, यातलं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही. हा म्हातारा बरोबर बोलतोय. जे रोज दिसतं ते कुणी मोजत नाही.

इथं एक गोष्ट मात्र बघून ठेवा, कारण ‘तेव्हा गावं कशी स्वच्छ होती’ म्हणणारे ती विसरतात. हा बैल इथपर्यंत गिधाडांनी आणला नाही. पिढ्यानपिढ्या एका जातीच्या माणसांवर लादलेलं ते काम होतं. बाबासाहेबांनी 1927 साली महाडच्या परिषदेत मृत जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं बजावलं, आणि वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांनी ते मानलं, गावकीचा रोष पत्करून मानलं. तेव्हा हे जुनं दृश्य बघून हळहळायचं असेल तर गिधाडांपुरतंच हळहळा.

आता वीस वर्षं पुढे. 1998, पेरणीचे दिवस.

तेच गाव, पण तुम्ही यावेळी एका गोठ्यात उभे आहात. बैलाला खांदेसूज आली आहे. जू ठेवायची जागा सुजून लाल झाली आहे, हात लावला की अंग थरथरतं. पाऊस पडून गेला आहे, वाफसा आला आहे, आणि घरधनी दर दोन मिनिटांनी आभाळाकडे बघतो. ढोरांचा डॉक्टर मोटरसायकलवरून येतो, बाटलीतून औषध ओढतो, सुई टोचतो, पैसे घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी बैल जुवाखाली उभा. औषध स्वस्त, गुण लगेच. घरधनी खूश आहे आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही असता.

बाटलीवर डायक्लोफेनॅक असं नाव आहे.

हा बैल बरा झाला, त्याचं काही नाही. पण म्हातारं, खंगलेलं, उठता न येणारं जनावरही डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून त्याच सुईवर ठेवतो आणि ते एक-दोन दिवसांत मरतं. औषध अजून अंगात असतं. नाल्याकाठी ते ढोर टाकलं जातं, गिधाडं उतरतात, जेवतात. पुढचे दोन-तीन दिवस कडुनिंबावर बसलेलं एक गिधाड बघा. मान खाली लोंबते, उचलते, परत लोंबते. मग ते फांदीवरून पडतं. त्याचं मूत्रपिंड बंद पडलं आहे. रक्तातलं युरिक ॲसिड बाहेर जायची वाट नसल्यामुळे काळजावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर धरून बसलं आहे. गावात त्याचं पोट फाडून बघणारा कुणी नाही. पारावर चर्चा होते ती अशी की मोठी झाडं तोडली म्हणून गिधाडं पहाडात निघून गेली.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं. पहिली अट इथं जड जाते. पण सांगून तरी काय होणार होतं? हे औषध दर ढोराच्या अंगात होतं असं नाही. पुढे शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा निघालं की शंभरात एकाहून कमी ढोरांत ते असलं, तरी गिधाडांच्या एवढ्या वेगानं मरण्याला ते पुरेसं आहे. एका ढोरावर पन्नास गिधाडं जेवतात. एकत्र जेवायची सवय, जी 1978 साली तुम्ही तोंडात बोट घालून बघितली, तीच त्यांना नडली.

मधली वर्षं भराभर. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना घरटी ओस पडताना दिसतात. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे 1883 पासून मुंबईत पाखरांचं दप्तर ठेवणाऱ्या संस्थेचे. कारण मात्र सापडतं सरहद्दीपलीकडे: पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची चिरफाड करून लिंडसे ओक्स आणि सहकारी 2004 साली ‘नेचर’मध्ये डायक्लोफेनॅकचं नाव छापतात. 2006 साली भारत सरकार जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणतं. तोवर काय झालं ते 1992 ते 2007 या काळातल्या मोजणीत दिसतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99.9 टक्क्यांनी घटली. हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची (ही आणखी एक जात) मिळून जवळजवळ 97 टक्क्यांनी. आता मोजताना कुणाचाही गोंधळ होत नव्हता.

ढोरं मात्र मरतच राहिली आणि नाल्याकाठची जागा कुत्र्यांनी घेतली. 2024 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी, इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, गिधाडं होती ते जिल्हे आणि कधीच फारशी नव्हती ते जिल्हे यांची तुलना केली. 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली असा त्यांचा हिशेब आहे. कुत्र्यांचा सुळसुळाट, रेबीज, नासलेलं पाणी. माणूस मेला की आपण कारण विचारतो, पण ते नाल्याकाठी शोधत नाही.

यापुढचा मुक्काम थंड आहे. स्वेटर घाला.

हरियाणा, शिवालिकच्या पायथ्याशी पिंजोर. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि हरियाणा वन विभाग यांनी इथं 2001 साली आजारी गिधाडांसाठी केंद्र सुरू केलं. औषधाचा उलगडा झाला आणि रानातली गिधाडं वाचवेपर्यंत ती उरणारच नाहीत हे कळलं, तेव्हा त्याचं प्रजनन केंद्र झालं. तुम्ही 2010 नंतरच्या कुठल्याही हिवाळ्यात इथं उतरा. मोठमोठे जाळीचे पिंजरे, शंभर फूट लांबीचे, त्यात कड्यासारखे केलेले ओटे आणि फांद्या. जवळ जायला परवानगी नाही. माणसाची सवय लागलेलं गिधाड रानात टिकणार नाही. म्हणून तुम्ही एका खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसता.

पडद्यावर लांब चोचीची एक जोडी घरट्यात आहे. काड्यांचा पसारा आहे आणि त्यात एक अंडं आहे. एकच. गिधाडाची मादी हंगामाला एकच अंडं घालते आणि हा या साऱ्या कथेतला सगळ्यात निर्दयी आकडा आहे. नर-मादी पाळीपाळीनं बसतात, पन्नासहून जास्त दिवस. अंडं फुटलं, नासलं, तर बहुधा वर्ष वाया. म्हणून इथं एक युक्ती करतात. पहिलं अंडं हळूच काढून घेतात आणि यंत्रात उबवतात. काही आठवड्यांनी जोडी दुसरं घालते, ते तिच्याकडेच ठेवतात. यंत्रातल्या अंड्याखाली दिवा धरला की आतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. अंडं जिवंत आहे की नाही ते तिथंच कळतं. दर थोड्या दिवसांनी वजन. अंडं जगत असेल तर त्याचं वजन हळूहळू कमी व्हायला हवं. किती वेगानं, यावरून आर्द्रता कमी-जास्त करायची.

इथून वही सुरू होते, आणि मला या सगळ्या प्रवासात हीच गोष्ट सर्वात नवलाची वाटते. 1978 साली ज्याला कुणी मोजलं नाही त्या पाखराची नोंद आता ते जन्मायच्या आधी होते. अंडं कधी घातलं, कुठल्या जोडीचं, कधी फुटलं. पिल्लू नर की मादी हे बघून कळत नाही, दोघं हुबेहूब सारखी, म्हणून डीएनए तपासायचा. पायात नंबरची कडी. कुणाचं कुणाशी जमवायचं हे त्या नोंदी बघून ठरतं, नाही तर चार पिढ्यांत सगळी भावंडंच. जगभर आता ही अशीच पद्धत आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री, पौर्णिमेनंतर, अंडी सोडतं. तिथले शास्त्रज्ञ ती गोळा करून टाक्यांत वाढवतात, समुद्रात नेऊन लावतात आणि कुठली खेप जगली याचा माग ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांची तर 1987 साली जगात 27 पाखरंच उरली होती आणि ती सगळी पिंजऱ्यात होती. 1992 पासून ती परत सोडायला लागले. आज पाचशेहून जास्त आहेत. एकेकाचा नंबर आहे.

पिंजोरच्या स्वयंपाकघरात, म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्यात, एक डोकावून जा. गिधाडांसाठी घेतलेल्या बकऱ्या लगेच कापत नाहीत. आठवडाभर तरी बांधून ठेवतात. मालकानं विकण्याआधी कुठलं औषध टोचलं असेल तर ते अंगातून निघून जावं म्हणून. जन्मापासून नोंद ठेवलेल्या पाखराचा जीवही शेवटी त्या 1998 च्या सुईवरच टांगलेला आहे.

आता घराकडे वळू. जानेवारी 2024. पिंजोरहून लाकडी पेट्यांत वीस गिधाडं निघतात, हजार किलोमीटरहून जास्त रस्त्यानं, विदर्भात. पांढऱ्या पाठीची दहा ताडोब्याला, लांब चोचीची दहा पेंचला. या कामाची सूत्रं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे आहेत आणि तिचे संचालक किशोर रिठे हे आपल्या अमरावतीचे, मेळघाटाच्या चळवळीतून वर आलेले. वऱ्हाडी माणूस संस्थेच्या मुंबईतल्या हॉर्नबिल हाउसमध्ये बसून विदर्भात गिधाडं परत आणू बघतो, हा योगायोग मला आवडतो.

काही महिने नव्या पिंजऱ्यात काढून, नवी हवा अंगवळणी पडल्यावर, पावसाळ्यात त्यांना मोकळं केलं. त्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर यंत्र बसवलं. हे यंत्र म्हणजे सौरऊर्जेवर चालणारी एक डबी. तिचं वजन पाखराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत हवं असा जगभरचा दंडक आहे. उपग्रहावरून ती आपली जागा ओळखते आणि मोबाइलच्या टॉवरवरून ती कळवते. गिधाड कुठं आहे, किती उंचावर, किती वेगानं, सगळं संगणकावर उमटतं.

खुर्ची ओढा आणि नकाशा बघा. एक ठिपका बघा, एन 11. पांढऱ्या पाठीचं, ताडोब्यातून सुटलेलं. पिंजऱ्यात जन्मलं, आईबापांनी कधी शेकडो किलोमीटर उडून दाखवलं नाही, आणि तरी ते निघतं. ताडोबा मागे पडतो, चंद्रपूर मागे पडतं, राज्याची सीमा ओलांडली जाते, मग पुढच्या राज्याची. ठिपका दक्षिणेला सरकत राहतो. एकूण चार हजार किलोमीटरच्या आसपास भटकून तो तमिळनाडूत पोचतो. तुम्हाला टाळी वाजवावीशी वाटते. कुणी शिकवलं नाही तरी उडणं, हवेचे उष्ण झोत शोधणं, त्यावर पंख न हलवता तरंगणं, हे सगळं त्या अंड्यातच होतं.

मग ठिपका एका जागी थांबतो. पुढच्या नोंदीतही तिथंच. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात एन 11 विजेच्या धक्क्यानं मेलं.

गिधाडाचे पंख पसरले तर सात फुटांच्या आसपास भरतात. खांबावर उतरताना एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसऱ्या तारेला लागला की संपलं. 1978 सालच्या त्या म्हाताऱ्याच्या काळात मेलेल्या गिधाडाचं कारण कुणाला माहीत नसायचं. आता अक्षांश-रेखांश कळतात. एवढाच फरक पडला आहे का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल आणि यावा. माझं मत असं आहे की ही डबी गिधाडाला वाचवत नाही, पण आपण कशानं मारतो हे ती लपवू देत नाही. सुई असेल तर सुई, तार असेल तर तार. नकाशावर थांबलेला ठिपका दिसला की कुणाला तरी गाडी काढून तिथं जावं लागतं. नाल्याकाठी कडुनिंबाखाली पडलेल्या गिधाडासाठी 1998 साली कुणीही गाडी काढली नव्हती.

शेवटचा मुक्काम, 2025. परत अकोटकडे, पण या वेळी पायी नको, जीप आहे. वान, नरनाळा ही नावं पाट्यांवर येऊ लागतात. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक, 1973-74 चा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत तो पसरला आहे. तुम्ही आहात ते सोमठाणा, अकोट वन्यजीव विभागातलं. पिंजोरहून आणलेली लांब चोचीची 15 गिधाडं इथल्या पिंजऱ्यात ठेवली आहेत. सोडण्याआधीचा हा त्यांचा सराव.

पहाट आहे. पिंजऱ्यापासून लांब, आडोशाला बसा. सागाची पानं ओली आहेत. बाजूला कोरकू वनरक्षक बसला आहे. तो काहीच बोलत नाही, म्हणून तुम्हीही बोलू नका. उजेड वाढतो तशी गिधाडं ओट्यावर येऊन पंख पसरतात, रात्रभराचा गारठा उन्हात काढून टाकतात. एक उडतं, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं, पुन्हा उडतं. पिंजऱ्यात जन्मलेल्याला पंखांची मापं इथंच कळणार. पलीकडे कडे दिसतात. लांब चोचीचं गिधाड कड्यात घरटं करतं आणि मेळघाटात कड्यांना तोटा नाही. गाविलगडाच्या, नरनाळ्याच्या अंगाखांद्यावर हवी ती जागा त्यांनी शोधायची आहे.

तुम्ही वनरक्षकाला हळूच विचारता की यांच्या पाठीवर यंत्र बसलं म्हणजे कुठं गेलं ते मोबाइलवर कळेल ना. तो खिशातला फोन काढून दाखवतो. एकही काडी नाही.

“मले अथी नेटवर्क भेटत नाई साहेब, गिधाडाले कुठून भेटन?”

विनोद खरा आहे, पण उत्तरही आहे. टॉवर नसेल तिथं ही डबी नोंदी आपल्या पोटात साठवते आणि पाखरू टॉवरच्या टप्प्यात आलं की एकदम सगळ्या पाठवते. त्यामुळे मेळघाटातलं गिधाड जंगलात असेपर्यंत बराच वेळ गप्प राहील. ते बोलेल कुठं? डोंगर उतरून अकोट, तेल्हारा, अंजनगाव, परतवाड्याच्या काळ्या शिवारावर आल्यावर. म्हणजे जिथं टॉवर आहेत. जिथं ढोरं आहेत, विजेच्या तारा आहेत आणि औषधांची दुकानं आहेत.

जंगलात गिधाडाला खायला मिळतं, वाघाची शिकार असते, आपोआप मेलेलं सांबर असतं. पण त्यावर शंभर-दोनशे गिधाडांचा कळप कधी पोसला जात नाही. तो पोसला जायचा आपल्या बैलावर. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले. 2015 च्या कायद्यानं राज्यात बैल कापायला बंदी आली, त्यामुळे म्हातारी जनावरं गोठ्यात मरायला लागली. पण मेल्यावर त्यांना जेसीबीनं खड्डा खणून पुरायची पद्धत बहुतेक गावांत पडली आहे. जे उघड्यावर पडतं त्यात काय टोचलेलं आहे, हा मूळ प्रश्न आहे तिथंच आहे. सोडलेल्या गिधाडांसाठी शंभर किलोमीटर त्रिज्येचा सुरक्षित टापू करायचा अशी कल्पना आहे. सोमठाण्यावर कंपासचं टोक ठेवून तेवढं वर्तुळ काढून बघा. अकोला आत येतं, अमरावती आत येते, खामगाव, अचलपूर, मूर्तिजापूर आत येतात, आणि वरच्या बाजूला मध्य प्रदेशही येतो. या वर्तुळात वाघ थोडे आहेत. जास्त आहेत ते पशुपालक, पशुवैद्यक आणि मेडिकलवाले.

पुढचा मुक्काम 2040 चा होता. तिथं मी तुम्हाला नेत नाही, कारण तिथं काय आहे ते अजून ठरायचं आहे. साधा हिशेब देतो. लांब चोचीचं गिधाड वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास अंडं घालायला लागतं. वर्षाला एक. त्यातली सगळी पिल्लं जगत नाहीत. 15 पाखरांपासून कड्यावर दिसण्याजोगी वसाहत व्हायला वाढवणाऱ्यांच्या कष्टापेक्षा न मारणाऱ्यांची संख्या जास्त लागते. दरवर्षी दोन-तीन जरी तारेवर आणि सुईवर गेली तरी पिंजोरहून पेट्या येत राहतील आणि नकाशावरचे ठिपके विझत राहतील.

म्हणून परत आपल्या काळात उतरताना वऱ्हाडातल्या वाचकाला एक विनंती. तुमच्या गोठ्यात खांदेसूज, कासदाह, ताप यासाठी डॉक्टर आले तर सुईचं नाव विचारा. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद आहे, 2023 पासून किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक बंद आहेत, डिसेंबर 2024 मध्ये निमेसुलाइडही बंद झालं. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची बाटलीही 2015 पासून 3 मिलीपेक्षा मोठी काढता येत नाही, ती ढोरांसाठी वापरली जाते म्हणूनच. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड मागा. ढोर तेवढंच बरं होतं आणि खाणाऱ्या गिधाडाला काही होत नाही. शंका असेल तर अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्थेत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. औषध टोचल्यानंतर लगेच मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, पुरा. आणि शिवारात पाठीवर डबी, पायात कडी असलेलं गिधाड बसलेलं दिसलं तर त्याला हुसकावू नका, पकडायला जाऊ नका. कडीचा नंबर दिसला तर लिहून घ्या आणि वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.